मायटर सॉसाठी ब्लेड किती जाडीचं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 10 इंची, विजेवर चालणारा, 1650 वॅटचा मायटर सॉ, म्हणजे पट्ट्या सरळ किंवा कोनात आडव्या कापायचं मशीन, तुमच्याकडे आहे. काम मुख्यतः सागवानाच्या बीडिंगचं, दाराभोवतीच्या आर्किट्रेव्ह पट्ट्यांचं, मधूनमधून चौकटींचं आणि टेबलाच्या पायांचं. मशीनबरोबर आलेलं ब्लेड बोथट झालं म्हणून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, हत्यारांच्या बाजारात, गेलात, तर दुकानदाराने 60 दातांची दोन ब्लेडं समोर ठेवली. एकावर 2.4/1.6 छापलेलं, दुसऱ्यावर 3.2/2.2. दुकानदार म्हणतो पातळ न्या, लाकूड वाचेल आणि मोटरवर लोड कमी येईल. तुमचे काका, ज्यांचा हात सुतारकामात मुरलेला आहे, ते म्हणतात जाड घे. आणि 45 अंशाचे जोड पूर्ण मिटत नाहीत, त्याचा ब्लेडच्या जाडीशी काही संबंध आहे का, हेही तुम्ही विचारलं आहे.

या दोनच ब्लेडांमधून निवडायचं असेल तर काकांचं ऐका, जाड घ्या. पर्याय मिळत असेल तर 2.6/1.8 किंवा 2.8/2.0 अशा मधल्या जाडीचं चांगलं ब्लेड तुमच्या कामाला सगळ्यात योग्य. असं का म्हणतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी ते दोन आकडे. पहिला आकडा म्हणजे कापाची रुंदी, म्हणजे ब्लेड किती लाकूड खातं ते. दाताच्या टोकाला जी कार्बाइडची टीप डाग देऊन बसवलेली असते, तिची ही रुंदी. दुसरा आकडा म्हणजे बॉडीची, पोलादी चकतीची जाडी. टीप बॉडीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी बाहेर असते, म्हणून बॉडी लाकडाला घासत नाही. 3.2/2.2 मध्ये दर बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळी जागा मिळते, 2.4/1.6 मध्ये 0.4. दुकानात बोलणं नेहमी पहिल्या आकड्याचं होतं, कारण लाकूड तोच खातो. पण मायटर सॉवर तुमच्या कापाचा दर्जा ठरवतो दुसरा. ज्या ब्लेडवर हे दोन्ही आकडे छापलेले नाहीत ते मी घेत नाही. बनवणाऱ्याने बॉडीची जाडी सांगायची टाळली असेल, तर ती का टाळली हे मला दुकानाच्या काउंटरवर कळणार नसतं.

आता लाकूड वाचण्याचा हिशेब करू. 8 फुटांची, म्हणजे 2440 मिलिमीटरची पट्टी घ्या आणि तिचे दोन्ही टोकं साफ केलेले आठ समान तुकडे करा. नऊ काप लागतील. 3.2 चं ब्लेड त्यात 28.8 मिलिमीटर खाईल, 2.4 चं 21.6. फरक 7.2 मिलिमीटर. आठ तुकड्यांत वाटला तर दर तुकड्यामागे एक मिलिमीटरसुद्धा नाही. त्या पट्टीच्या टोकाला एखादी भेग किंवा गाठ निघाली तर आपण दोन इंच बिनदिक्कत उडवतो. मायटर सॉ आडवे काप घेतो, लांबीच्या दिशेने फाळी मारत नाही, त्यामुळे वाया जाणारं लाकूड मुळातच थोडं असतं. महागड्या सागवानाच्या फळीतून टेबल सॉवर एकामागून एक पातळ पट्ट्या काढायच्या असतील तेव्हा पातळ ब्लेडने खरोखर एखादी पट्टी जास्त निघते. तो युक्तिवाद तिथला आहे, तुमच्या मशीनचा नाही.

मग पातळ ब्लेडमध्ये आपण काय गमावतो? ताठपणा. चकतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 2.2 ला 1.6 ने भागा, 1.375 येतं, त्याचा घन 2.6. म्हणजे दोन्ही ब्लेडं एकाच पोलादाची असतील, तर जाड बॉडी पातळ बॉडीच्या अडीच पटीहून जास्त ताठ. दिसायला फरक 0.6 मिलिमीटरचा, नखाएवढाही नाही, पण कापाच्या वेळी तो अडीच पट होऊन समोर येतो. म्हणूनच 1.6 आणि 1.8 मधला फरकही क्षुल्लक समजू नका. 1.8 ची बॉडी 1.6 पेक्षा साधारण 1.4 पट ताठ असते.

ताठपणाची परीक्षा सरळ 90 अंशाच्या कापात होत नाही. पाऊण इंची पट्टी सरळ कापताना दोन्ही ब्लेडं सारखीच वाटतील. परीक्षा होते 45 ला. मशीनचं डोकं एका बाजूला झुकवून बेव्हल काप घेतला की 20 मिलिमीटर जाडीच्या लाकडातून ब्लेडला 28 मिलिमीटर जावं लागतं. त्यात दाताचा एकच कोपरा आधी लाकडाला टेकतो आणि ब्लेडला बाजूला ढकलतो. सागवानात तर वर्षाच्या वलयांचे मऊ आणि कडक थर एकाआड एक असतात. कडक थर तिरपा आडवा आला की ब्लेडचा कल मऊ बाजूला सरकण्याकडे असतो. ताठ बॉडी हा रेटा सहन करते. पातळ बॉडी किंचित झुकते आणि आपण मूठ आणखी जोरात दाबली की आणखी झुकते.

याचा परिणाम कसा दिसतो ते सांगतो. 2 इंच जाड सागवानाचा तुकडा पातळ ब्लेडने 45 च्या बेव्हलला कापा, कापलेल्या तोंडावर गुण्याची पट्टी ठेवा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. पट्टी दोन्ही कडांना टेकलेली आणि मधे उजेडाची बारीक रेघ, किंवा मधे टेकलेली आणि कडांना उजेड, असं दिसलं तर ब्लेड मधेच ढळून परत आलं आहे. तोंडाला खोलगटपणा किंवा पोट आलेलं असतं. असे दोन तुकडे जोडले की चूक दुप्पट होते: एकात 0.2 मिलिमीटर, दुसऱ्यात 0.2, जोडात 0.4 ची फट. 0.4 मिलिमीटर म्हणजे सागवानाच्या पॉलिश केलेल्या जोडात लांबूनही दिसणारी काळी रेघ. फेविकॉल आणि लाकडाचा भुसा भरून ती लपवता येते असं म्हणतात, पण पॉलिशचा हात फिरला की तीच जागा आधी डोळ्यात भरते.

तुमचे जोड मिटत नाहीत याचं कारण हे असू शकतं, पण लगेच ब्लेडला दोष देऊ नका. मशीनचा 45 चा खटका खरोखर 45 वर आहे का ते आधी तपासा. प्रत्येक तुकड्यात अर्ध्या अंशाची चूक असेल तर 70 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या जोडाला एका टोकाला जवळपास पावणेदोन मिलिमीटर फट पडते. एवढी मोठी फट ब्लेड झुकल्याने सहसा येत नाही, ती सेटिंगची असते. फरक ओळखायची खूण अशी: फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ रुंदावत जात असेल तर कोन चुकलेला आहे, दोन्ही टोकं मिटलेली आणि मधेच उघडं, किंवा एका कापात बरोबर आणि दुसऱ्यात चूक, असं असेल तर ब्लेड ढळतंय. किंवा तुकडा हातात सरकतोय. तो क्लॅम्पने फेन्सला, म्हणजे मशीनच्या मागच्या उभ्या आधारपट्टीला, पक्का धरा आणि पुन्हा कापून बघा.

दुसरी जागा जिथे पातळ ब्लेड धोका देतं, ती म्हणजे केसभर तासून घेणं. पट्टी बसवताना अर्धा मिलिमीटर लांब निघाली, म्हणून आपण तिचं टोक पुन्हा ब्लेडखाली घेतो. आता ब्लेडच्या एका बाजूला लाकूड आहे, दुसऱ्या बाजूला हवा. सगळा रेटा एकाच बाजूने. पातळ ब्लेड लाकडाला बगल देऊन बाहेरच्या बाजूला सरकतं, वरच्या कडेला काही कापलंच जात नाही आणि खालच्या कडेला कापलं जातं. जाड ब्लेडने हे काम जास्त भरवशाने होतं. बीडिंग बसवणाऱ्या माणसाला हे दिवसभर करावं लागतं आणि तुमचं काम नेमकं तेच आहे. माझं मत जाड ब्लेडकडे झुकतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. अशा कापात ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत मूठ वर उचलू नका. फिरतं ब्लेड वर येताना बारीक चिलपी पकडून फेकतं; 10 इंची ब्लेड 5000 आरपीएमला फिरतं तेव्हा दाताचा वेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास असतो. चष्म्याशिवाय हे काम करू नका.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण व्हिडिओ बघून बरेच जण गोंधळतात. टेबल सॉच्या ब्लेडमागे एक पोलादी पाचर उभी असते, रायव्हिंग नाइफ. तिची जाडी ब्लेडच्या बॉडीपेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. तिथे ब्लेडची जाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. जाड नाइफच्या मशीनवर पातळ ब्लेड लावलं तर लाकूड नाइफला अडून बसतं. मायटर सॉवर असा नाइफ नसतो. म्हणून इथे निवड मोकळी आहे, आणि म्हणूनच दुकानदार जे पुढे करेल ते चालूनही जातं. पण टेबल सॉसाठी आणलेलं पातळ ब्लेड उचलून मायटर सॉवर लावायचं टाळा. फाळी मारण्याच्या ब्लेडचे दात पुढे झुकलेले असतात, 15 ते 20 अंश. मायटर सॉवर असं ब्लेड लाकडात स्वतःहून घुसतं, मूठ खाली खेचतं आणि स्लाइडिंग मशीन असेल तर डोकं अंगावर धावून आल्यासारखं पुढे येतं. मायटर सॉसाठी हा झुकाव शून्याच्या आसपास, उणे 5 ते अधिक 5 किंवा 7 अंशांच्या दरम्यान असावा. स्लाइडिंग मशीनला उणेच बरा.

आता मोटरबद्दल. दुकानदाराचं हे म्हणणं खोटं नाही. 2.4 चं ब्लेड 3.2 पेक्षा 25 टक्के कमी लाकूड काढतं, साहजिकच मोटरला तितकी कमी मेहनत. प्रश्न इतकाच की तुमच्या मोटरला त्या सवलतीची गरज आहे का. 1650 वॅटची मोटर, धारदार ब्लेड, पूर्ण दाबाचा वीजपुरवठा, आणि लाकूड दोन-अडीच इंचापर्यंत: 3.2 चं ब्लेड आरामात चालतं. 5 बाय अडीचची चौकट 10 इंची मशीनमध्ये जेमतेम बसते. ती कापताना वेग मोटरच्या आवाजावर ठेवा. आवाज खाली बसायला लागला की हात थोडा सैल करा.

मुंबईत अडचण मोटरची कमी आणि वायरची जास्त असते. फ्लॅटमध्ये काम चालू असतं, मशीन बाल्कनीत किंवा जिन्याजवळ, आणि पॉइंट आतल्या खोलीत. मधे कुणाच्या तरी टेबल फॅनची बारीक एक्स्टेंशन ओढलेली. सुरू होताना मोटर गुरगुरते, कापात बसते आणि लोक म्हणतात ब्लेड जड आहे. आधी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, एसी किंवा गीझरच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवरून लाइन घ्या, कॉइल गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. त्यानंतरही मोटर दमत असेल तर पातळ ब्लेडचा विचार करा.

पावसाळ्याचा मुद्दा कुठल्याही परदेशी पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही, पण आपल्याकडे तो महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर रे रोडच्या वखारींतून येणारा माल, ताडपत्रीखाली असला तरी, हवेतला ओलावा पिऊन येतो. ओलसर लाकडाचे तंतू कापल्यावर पुन्हा फुगतात आणि काप आतून आवळला जातो. तेव्हा बॉडीच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा कामाला येते. पातळ ब्लेडला ती आधीच कमी, त्यात सागवानाचं तेल आणि मरांडीच्या लाकडाचा डिंक दातांमागे साचला की आणखी कमी. मग बॉडी घासते, तापते, तापली की पसरते, आणि पातळ चकती तापून पसरली की लाटेसारखी डुलायला लागते. कापावर काळे भाजल्याचे डाग दिसतात. लोक म्हणतात धार गेली. बऱ्याचदा धार असते, फक्त ब्लेड मळलेलं असतं. ब्लेड काढा, साबणाच्या कोमट पाण्यात किंवा डिंक काढायच्या द्रवात थोडा वेळ ठेवा, नायलॉनच्या ब्रशने दातांच्या मागची बाजू साफ करा, लगेच कोरडं पुसा आणि पावसाळ्यात तेलाचा पुसटसा हात फिरवून ठेवा. बॉडीवर चढलेला गंजही मोकळी जागा खातो. तारेचा ब्रश किंवा पटाशीचं टोक कार्बाइडवर चालवू नका, ते कडक असतं तितकंच ठिसूळ असतं.

पातळ ब्लेड केव्हा योग्य, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बॅटरीवर चालणारं मशीन असेल तर पातळच. सव्वासात इंची, म्हणजे 184-185 मिलिमीटरच्या बॅटरी मशीनवर 1.6 ते 1.8 खाणारी ब्लेडं मिळतात आणि तिथे ती चांगलं काम करतात, कारण व्यास लहान आहे. चकती जितकी लहान, तितकी ती कमी जाडीत ताठ राहते. फोटोफ्रेमच्या पट्ट्या, पाव-अर्ध्या इंचाच्या बीडिंगा, पाइनच्या रिपा, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) फ्लूटेड पट्ट्या, असं हलकंच काम दिवसभर असेल, तर 10 इंची मशीनवरही चांगल्या प्रतीचं 2.4 चं ब्लेड अडचण करत नाही. आणखी एक काम आहे, जिथे मी स्वतः पातळ ब्लेड लावतो: एकाच पट्टीतून चारही बाजू काढून रेषा कोपऱ्यावरून अखंड फिरवायच्या असतात असे लहान डबे आणि ट्रे. दर कोपऱ्यात जितकं कमी लाकूड जाईल तितकी नक्षी नीट जुळते.

12 इंची मशीनची गोष्ट उलट. तिथे व्यास 305 मिलिमीटर, म्हणजे ब्लेडला मध्यावर दोन्ही बाजूंनी आवळून आधार देणाऱ्या चकत्यांपासून, फ्लॅंजपासून, दात लांब गेले. 10 इंचीत जी 1.8 ची बॉडी ताठ वाटते, तीच 12 इंचीत लवचिक होते. 12 इंचीला बॉडी 2.0 च्या खाली नको, कापाची रुंदी 2.8 ते 3.2 धरा. मोठं मशीन घेऊन त्यावर सगळ्यात पातळ ब्लेड चढवणं म्हणजे मोठ्या मशीनसाठी दिलेले पैसे वाया घालवणं. 10 इंचीला बॉडी 1.8 किंवा त्याहून जास्त, ही माझी रेघ. 1.6 ला मी तिथे हलक्या कामापुरतंच जवळ करतो.

दातांबद्दल थोडक्यात. 60 दात तुमच्या कामाला बरोबर आहेत. 80 दातांनी बीडिंगचं तोंड काचेसारखं येतं, पण जाड सागवानात दात जास्त म्हणजे घर्षण जास्त, आणि 80 दात पातळ बॉडीवर म्हणजे गरम होण्याला आमंत्रण. 80 घ्यायचं तर जाड बॉडीत घ्या. लाकडासाठी एकाआड एक डावी-उजवी तिरपी धार असलेले दात हवेत, दुकानात एटीबी म्हणा, कळतं. सन्माइका लावलेल्या पट्ट्यांना आणि एमडीएफला एक सपाट आणि एक कोपरे मारलेला अशी दातांची जोडी, म्हणजे टीसीजी, जास्त टिकते.

अॅल्युमिनियम सेक्शन त्याच मशीनवर कापायचा मोह होतो, कारण स्लायडिंग खिडकीचं काम हाताशी येतं. आधी मशीनच्या पुस्तिकेत अॅल्युमिनियमला परवानगी आहे का बघा. असेल तर वेगळं ब्लेड ठेवा: टीसीजी, उणे हूक (म्हणजे दातांचा झुकाव मागे), 80 ते 100 दात, आणि इथे जाडीबाबत तडजोड नाही, 2.8 ते 3.2. पोकळ सेक्शनच्या भिंती ब्लेडला आत जाताना एक आणि बाहेर येताना एक असा धक्का देतात. पातळ चकती त्या धक्क्याने थरथरते आणि टीप उडते.

सोसायटीत काम करणाऱ्यांसाठी आवाजाचाही विचार आहे. पातळ चकती जास्त शिट्टी मारते. चांगल्या ब्लेडच्या बॉडीत लेझरने कापलेल्या वळणदार बारीक चिरा असतात, काहींत भराव असतो. त्याने कंपन आणि शिट्टी दोन्ही कमी होतात. दुपारच्या आरामाच्या वेळेत शेजारच्या आजींनी वॉचमनला वर पाठवलं की या चिरांची किंमत कळते.

आता ब्लेड बदलल्यावर काय बदलतं ते. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि मग पहिल्या दिवशीची सगळी मापं चुकतात. ब्लेड मशीनच्या आतल्या, मोटरकडच्या फ्लॅंजला टेकतं. ती जागा पक्की आहे. म्हणून जाडी वाढली की ती बाहेरच्या बाजूला वाढते. आकड्यांत बघा. 2.4/1.6 च्या ब्लेडची मोटरकडची टीप फ्लॅंजच्या रेषेच्या 0.4 मिलिमीटर आत असते, 3.2/2.2 ची 0.5. म्हणजे त्या बाजूची कापाची रेघ फक्त 0.1 ने हलली. दुसऱ्या बाजूला पातळ ब्लेडची टीप त्या रेषेपासून 1.6 अधिक 0.4, म्हणजे 2.0 वर, जाड ब्लेडची 2.2 अधिक 0.5, म्हणजे 2.7 वर. तिथे 0.7 मिलिमीटरचा फरक. तुम्ही स्टॉपर लावून एकाच मापाचे तुकडे काढत असाल आणि स्टॉपर मोटरच्या उलट बाजूला असेल, तर जुन्या खुणेवर नवा तुकडा 0.7 ने आखूड निघेल. स्टॉपर मोटरच्या बाजूला असेल तर 0.1, म्हणजे लक्षातही येणार नाही. ब्लेड बदललं की स्टॉपर, टेबलावर ओढलेली पेन्सिलची खूण आणि लेझर, तिन्ही पुन्हा जुळवा. ज्या मशीनवर एलईडीने ब्लेडची सावली पडते त्यांना हे करावं लागत नाही, कारण सावली बसवलेल्या ब्लेडचीच पडते. जाडी बदलली की ती आपोआप बदलते. टेबलाच्या मधल्या प्लेटवर एमडीएफचा तुकडा लावून त्यात पातळ ब्लेडने चीर पाडली असेल, तर जाड ब्लेड ती रुंद करेल आणि मग पातळ ब्लेडला परत आल्यावर खालून चिलप्या उडायला लागतील. दोन ब्लेडांना दोन तुकडे ठेवा, खर्च काहीच नाही.

बसवल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लेड खरोखर किती खातंय ते मोजणं. एमडीएफच्या तुकड्यात अर्ध्यापर्यंत काप घ्या, ब्लेड थांबू द्या, मग त्या चिरेत व्हर्नियरच्या आतल्या जबड्याने माप घ्या. 3.2 चं ब्लेड 3.2 ते 3.3 ची चीर देत असेल तर उत्तम. 3.5 आली तर ब्लेड डुलतंय. दहापैकी बहुतेक वेळा फ्लॅंजवर बसलेला भुशाचा एखादा कण याला कारण असतो. फ्लॅंज काढा, दोन्ही तोंडं कापडाने पुसा, बोटाने चाचपा, कुठे चरा उठलेला असेल तर बारीक कानशीने हलकेच बसवा. पुन्हा मोजा. तरीही तेच असेल तर ब्लेड दुकानात परत न्या, ते वाकडं आहे.

एक गोष्ट बाजारात फार चुकते, आणि तिचा जाडीशी थेट संबंध आहे. 10 इंची ब्लेडांची मधली भोकं 30 आणि 25.4 अशा दोन्ही मापांत मिळतात. मशीन 25.4 चं आणि ब्लेड 30 चं असेल तर दुकानदार एक रिंग हातात ठेवतो. ती रिंग ब्लेडच्या बॉडीपेक्षा पातळच असली पाहिजे. बॉडी 1.6 ची आणि रिंग 2 मिलिमीटरची असेल तर नट कितीही आवळा, फ्लॅंज रिंगला धरतो, ब्लेडला नाही. ब्लेड कापात घसरतं आणि नट सैल होतो. पातळ ब्लेडबरोबर ही चूक सहज होते, कारण बऱ्याच रिंगा जाड बॉडी धरून केलेल्या असतात. दुकानातच रिंग भोकात बसवा, काउंटरच्या काचेवर ब्लेड आडवं ठेवा आणि बोटाने बघा: रिंग किंचित खाली राहिली पाहिजे, वर येता कामा नये. शक्य असेल तर रिंगच टाळा, मशीनच्या मापाचं भोक असलेलं ब्लेड मागा. ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे का, हेही तिथेच वाचा. 10 इंची मशीन 4500 ते 5000 आरपीएमला फिरतात, 12 इंची त्याहून हळू. 12 इंचीसाठी केलेलं ब्लेड गार्डमुळे तसंही 10 इंचीत बसत नाही, पण 10 इंचाचं असूनही कमी वेगाच्या यंत्रासाठी केलेलं ब्लेड बसतं, आणि ते धोक्याचं आहे. चांगल्या ब्लेडवर ईएन 847-1 हे युरोपीय सुरक्षा मानकही छापलेलं असतं. ते असेल तर मला भरवसा वाटतो.

शेवटी धारेचं. सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, आणि ती कार्बाइडलाही झिजवते. सागवानात काम करणाऱ्याचं ब्लेड पाइनवाल्यापेक्षा लवकर धारेला जातं, यात ब्लेडचा दोष नाही. जाड ब्लेडच्या टिपा सहसा दणकट असतात, त्या जास्त वेळा घासून घेता येतात. पातळ आणि स्वस्त ब्लेडची टीप एवढी छोटी असते की एकदोनदा धार लावली की संपली. दर धारेच्या हिशेबात पाहिलं तर महाग जाड ब्लेड स्वस्तात पडतं. धार लावणाऱ्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, ग्राइंडर आहे का विचारा, हातावर लावलेल्या धारेत दात कमीजास्त उंचीचे होतात आणि मग मोजकेच दात काम करतात. टीप मागे आणि मध्याकडे किंचित निमुळती असते, त्यामुळे धार लावून आलेलं ब्लेड पूर्वीपेक्षा अंमळ कमी खातं. म्हणून धारेवरून आल्यावरही तीच एमडीएफची चीर पुन्हा मोजा आणि आलेला आकडा मार्करने बॉडीवर लिहून ठेवा.